आरोग्यचर्चा : आतड्यांतील आश्रित आणि हृदयविकार

गेल्या महिन्याच्या टपालांत एका वाचक भगिनींचें पत्र आलें. पत्र मोठें आहे. परंतु त्यांतील प्रश्न त्यांच्या एकट्यांच्याच घरचा नसून आपणांपैकीं पुष्कळांच्या घरचा आहे, म्हणून त्याचा सारांश येथें देऊन या वेळच्या चर्चेस आरंभ करीत आहों.

त्या लिहितात : "आमचें अकरा माणसांचें एकत्र कुटुंब आहे. घरांत मांस, मासे, अंडीं कधीं आलीं नाहींत. विडीकाडीचें व्यसन कोणास नाहीं. असें असतां आमचे मोठे भावोजी, वय वर्षें ५४, यांना चार महिन्यांपूर्वीं हृदयविकाराचा झटका आला. वेळेवर रुग्णालयांत नेल्यामुळें जीव वांचला व हृदयाच्या धमनींत जाळीची नळी बसविण्यांत आली. आतां त्यांच्या वाचनांत असें आलें आहे कीं, हृदयविकाराचें मूळ आतड्यांतील जंतूंमध्यें असतें. तेव्हांपासून ते म्हणतात, 'मूळ पोटांत असेल, तर छातीसाठीं या पांच पांच गोळ्या कशाला? मी ताकावर राहीन.' सासूबाईंना हें पटतें. जाऊबाईंना मात्र रात्र रात्र झोंप लागत नाहीं. आपण खरें काय तें लिहावें."

पत्रांतील अखेरच्या मुद्द्याचें उत्तर प्रथम देतों, कारण त्यांत उशीर करून चालणार नाहीं. भावोजींनीं एकहि गोळी स्वतःच्या मनानें बंद करूं नये. धमनींत जाळी बसविल्यानंतर रक्ताची गांठ होऊं न देणारीं औषधें अत्यंत महत्त्वाचीं असतात. तीं एकाएकीं सोडल्यास जाळींतच गांठ होऊन दुसरा झटका येऊं शकतो, आणि तो प्राणावर बेतूं शकतो. ताक उत्तम पेय आहे. पण तें या औषधांची जागा घेऊं शकत नाहीं. जाऊबाईंनीं एवढा मजकूर यजमानांना आजच वाचून दाखवावा. पुढील भाग सावकाश वाचला तरी चालेल.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. भावोजींनीं वाचलें तें निव्वळ खोटें नाहीं. त्यांत सत्याचा अंश आहे. आणि अर्धें सत्य पुष्कळदां पुऱ्या असत्यापेक्षां अधिक घात करतें. म्हणून तें सत्य कोणतें व तें कोठवर पोंचतें, हें नीट पाहिलें पाहिजे.

हे आश्रित कोण?

आपल्या मोठ्या आतड्यांत सूक्ष्म जंतूंची अफाट वस्ती असते. इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं २०१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या गणनेप्रमाणें, सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या शरीरांत सुमारें ३८ लक्ष कोटि जंतु असतात, व त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारें ३० लक्ष कोटि असतात. म्हणजे संख्येच्या दृष्टीनें पाहिलें, तर आपल्याच देहांत आपण अर्ध्याहून कमी वांट्याचे धनी आहों! मात्र हे जंतु इतके सूक्ष्म कीं, त्या सर्वांचें मिळून वजन अवघें २०० ग्रॅम, म्हणजे जुन्या मापानें पावशेराच्या आंतच भरेल.

जुन्या काळीं पुण्यासारख्या विद्येच्या गांवीं गरीब विद्यार्थी वार लावून जेवीत असत. सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या घरीं. घरची गृहिणी पानांत वाढील तें ते जेवीत, आणि घरांत पडेल तें काम करीत. आतड्यांतील जंतूंची स्थिति बरीचशी अशीच आहे. आपल्या अन्नांतील जो भाग आपणांस पचवितां येत नाहीं, तो मुख्यतः त्यांच्या वांट्यास येतो. त्यावर ते उपजीविका करतात, आणि त्यापासून तयार झालेले कित्येक पदार्थ आपल्या रक्तांत उतरतात. ते पदार्थ हितकर कीं अहितकर, हें आपण त्या आश्रितांना काय वाढतों यावर बव्हंशीं अवलंबून असतें. या लेखाचें सार एवढेंच आहे. बाकीचा त्याचा विस्तार.

एका जुन्या कल्पनेची कथा

आतड्यांचा धमन्यांशीं संबंध आहे, ही कल्पना आजची नाहीं. पॅरिस येथील पाश्चर संस्थेंत काम करणारे रशियन शास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ (१८४५-१९१६) यांना रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनाबद्दल पॉल एर्लिख यांच्या बरोबर १९०८ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. या मेचनिकॉफ यांचें असें मत होतें कीं, मोठ्या आतड्यांत अन्न कुजविणारे जंतु विषारी द्रव्यें उत्पन्न करतात, तीं रक्तांत शिरून धमन्या कठीण करतात, व मनुष्यास अकालीं वार्धक्य येतें. बल्गेरियांतील दह्यांत असणारा जंतु १९०५ सालीं स्टामेन ग्रिगोरोव्ह या तरुण बल्गेरियन वैद्यकानें जिनीव्हा येथें ओळखून काढला होता. मेचनिकॉफ यांनीं त्या आंबट दुधाचा पुरस्कार केला, स्वतः तें नियमानें घेतलें, आणि पाहतां पाहतां युरोपांत दह्याचें वेड पसरलें. ज्या घरांत ताकभातावांचून जेवण पुरें होत नाहीं, अशा आपल्या लोकांस त्यांत नवल वाटण्याचें कारण नव्हतें.

पुढें या कल्पनेचा अतिरेक झाला. लंडनचे नामांकित शस्त्रवैद्य सर विल्यम आर्बथनॉट लेन यांनीं, बद्धकोष्ठामुळें सर्व शरीरांत विष भिनतें अशा समजुतीनें, कित्येक रोग्यांचें मोठें आतडेंच कापून काढलें. त्या शस्त्रक्रियेंत कांहीं रोगी दगावले. शेवटीं पुरावा पुरेसा नाहीं असें पाहून वैद्यकशास्त्रानें ती उपपत्ति टाकून दिली. स्वतः मेचनिकॉफ १९१६ सालीं, वयाच्या ७१ व्या वर्षीं, वारले ते हृदयाच्याच विकारानें.

ही गोष्ट सांगण्यांत त्या थोर शास्त्रज्ञाचा उपहास करण्याचा हेतु नाहीं. कल्पनेंत तथ्य असणें निराळें आणि तिच्यावरून लगेच उपचार ठरविणें निराळें, एवढेंच भावोजींच्या लक्षांत आणून द्यावयाचें आहे.

नवा पुरावा

सुमारें शंभर वर्षांनीं तीच कल्पना दुसऱ्या रूपानें परत आली, आणि या वेळीं तिच्या पाठीशीं रसायनशास्त्राचा पुरावा होता. अमेरिकेंतील ओहायो राज्यांत क्लीव्हलँड क्लिनिक नांवाची विख्यात रुग्णसंस्था आहे. तेथील डॉ. स्टॅन्ले हेझन व त्यांचे सहकारी यांनीं, ज्यांना पुढें हृदयविकाराचा झटका वगैरे आला अशांचें रक्त व ज्यांना आला नाहीं अशांचें रक्त ताडून पाहिलें. पहिल्या गटाच्या रक्तांत कांहीं पदार्थ अधिक आढळले, व त्यांत एक होता ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड. हें संशोधन २०११ सालीं प्रसिद्ध झालें. नांव लांबलचक असल्यामुळें या लेखापुरतें आपण त्यास नुसतें 'ऑक्साइड' म्हणूं.

हें ऑक्साइड तयार कसें होतें? अंड्याचा बलक, मांस वगैरे पदार्थांत कोलिन नांवाचें द्रव्य पुष्कळ असतें, व तांबड्या मांसांत कार्निटिन विशेष असतें. त्यांचा जो अंश आतड्यांतील जंतूंच्या हातीं पडतो, त्यापासून ते नासलेल्या मासळीसारखा वास येणारा ट्रायमिथिलअमाइन हा वायु करतात. तो रक्तावाटे यकृतांत जातो. तेथें त्यास प्राणवायु जोडला जाऊन ऑक्साइड तयार होतें. आणि शेवटीं मूत्रपिंडें तें शरीराबाहेर टाकतात. एका पदार्थासाठीं जंतु, यकृत व मूत्रपिंड अशा तिघांचें हें सहकार्य आहे.

यांत जंतूंचा खरोखरच हात आहे काय, याची परीक्षा मोठी मनोरंजक आहे. निरोगी माणसांना उकडलेलीं अंडीं खावयास दिलीं. त्यांच्या रक्तांत ऑक्साइड वाढलें. त्यांपैकीं कांहीं जणांना एक आठवडा जंतुनाशक औषधें देऊन पुन्हां तोच आहार दिला. ऑक्साइड जवळ जवळ नाहींसें झालें. औषधें थांबवून कांहीं आठवडे लोटल्यावर पाहिलें, तों तें पुन्हां हजर! २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या याच निबंधांत, हृदयाच्या धमन्यांची तपासणी करून घेतलेल्या ४,००७ रुग्णांवर तीन वर्षें ठेवलेल्या लक्षाची हकीकत आहे. रक्तांत ऑक्साइड सर्वांत अधिक असलेल्या एक चतुर्थांश लोकांत झटका, पक्षाघात किंवा मृत्यु यांचा धोका, सर्वांत कमी ऑक्साइड असलेल्या चतुर्थांशाच्या मानानें, सुमारें अडीचपट आढळला. पुढें २०१६ सालीं असेंहि दाखविण्यांत आलें कीं, या पदार्थामुळें रक्तांतील प्लेटलेट नांवाच्या सूक्ष्म चकत्या एकमेकींस अधिक लौकर चिकटतात, म्हणजे रक्ताची गांठ होण्यास साह्य होतें.

शाकाहाऱ्यांचें समाधान व त्याची मर्यादा

२०१३ सालींच या मंडळींनीं आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पांच वर्षांहून अधिक काळ निव्वळ वनस्पतिजन्य अन्नावर राहिलेला एक गृहस्थ प्रयोगापुरतें मांस खाण्यास तयार झाला. नेहमींच्या मांसाहारी माणसाच्या रक्तांत त्या जेवणानंतर ऑक्साइड चढत गेलें. या गृहस्थाच्या रक्तांत तें फारसें वाढलेंच नाहीं. कारण उघड आहे. ज्या आश्रितांना तें अन्न वर्षानुवर्षें मिळालेलें नाहीं, त्यांची वस्ती त्या घरांत वाढलेली नसते.

हें वाचून आपल्यापैकीं कित्येकांची मान ताठ होईल. पण थोडें थांबावें. आमच्या मतें येथेंच आपल्या घरांचा घात होतो. 'आम्ही शुद्ध शाकाहारी, आम्हांस हृदयविकार कसा होईल?' हा प्रश्न आपण इतक्या निश्चिंतपणें विचारतों कीं, उत्तर ऐकण्यास थांबत नाहीं.

डॉ. सलीम युसुफ या मूळच्या केरळच्या हृदयतज्ज्ञांच्या नेतृत्वाखालीं ५२ देशांत 'इंटरहार्ट' नांवाचा मोठा अभ्यास झाला व तो २००४ सालीं प्रसिद्ध झाला. तंबाखू, रक्तांतील मेदाचें विषम प्रमाण, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरील ताण, रोजच्या आहारांत फळें व भाज्या नसणें, व्यायामाचा अभाव इत्यादि नऊ गोष्टींनीं पुरुषांतील सुमारें ९० टक्के व स्त्रियांतील सुमारें ९४ टक्के धोक्याचा उलगडा होतो, असें त्यांत दिसून आलें. याच अभ्यासांतील दक्षिण आशियाविषयींचा भाग २००७ सालीं निघाला. भारत व शेजारच्या देशांत पहिला झटका येण्याचें मध्यम वय ५३, आणि इतर देशांत तें जवळ जवळ ५९! म्हणजे आपल्याकडे हें संकट सहा वर्षें आधीं दार ठोठावतें. रोज फळें व भाज्या खाणाऱ्यांचें प्रमाणहि आपल्या भागांत कमी आढळलें. अर्थात् हे सर्वच लोक शाकाहारी नव्हते. परंतु वरची यादी पुन्हां वाचावी. तिच्यांतील किती गोष्टी केवळ शाकाहारानें टळतात? साखर, मैदा, तळण, मीठ आणि दिवसभराची बैठक, हीं सर्व पूर्ण शाकाहारीच आहेत.

शिवाय ऑक्साइडच्या कथेलाहि दुसरी बाजू आहे. मासळींत हा पदार्थ मुळांतच पुष्कळ असतो. तरीहि मासळी खाणाऱ्यांत हृदयविकार अधिक आढळत नाहीं. मूत्रपिंडें थकलीं म्हणजे ऑक्साइड रक्तांत सांचतें, आणि अशा रोग्यांत हृदयविकारहि अधिक असतो. मग ऑक्साइड हें रोगाचें कारण कीं रोगाची नुसती खूण, हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. तें कमी केल्यानें झटके टळतात, असें रुग्णांवर मोठी कसोटी घेऊन कोणीं सिद्ध केलेलें नाहीं. तेव्हां जंतु हे वरच्या नऊ गोष्टींना पर्याय नव्हेत. त्यांतील कांहीं गोष्टी, विशेषतः आहार, ज्या वाटेनें हृदयापर्यंत पोंचतात, त्या वाटेवरचें तें एक नाकें आहे.

आश्रितांची सेवा

आतां जंतूंच्या उपकाराची बाजू पाहूं. कारण रोजच्या संसारास तीच अधिक उपयोगाची आहे.

धान्याचा कोंडा, कडधान्यांचीं सालें, भाज्या व फळें यांतील तंतुमय भागास आपण चोथा म्हणतों, आणि पुष्कळदां तो निरुपयोगी समजून चाळून, सोलून, गाळून टाकतों. हा चोथा पचविण्याचीं साधनें मनुष्याच्या शरीरांत नाहींत. तीं या जंतूंपाशीं आहेत. त्यांतील बराचसा भाग आंबवून ते ॲसेटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक अशीं तीन आम्लें तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरांतील पेशी आपल्या शक्तीसाठीं मुख्यतः ब्युटिरिक आम्लावर अवलंबून असतात. अस्तर बळकट असलें म्हणजे जंतूंचे अवशेष रक्तांत झिरपत नाहींत, आणि धमन्यांना हळूहळू पोखरणारा दाह कमी राहतो.

दुसरा उपकार कोलेस्टेरॉलविषयीं. ओट, जव व कडधान्यें यांतील बुळबुळीत चोथा पित्तांतील आम्लांना धरून शरीराबाहेर नेतो. मग तीं आम्लें नव्यानें करण्यासाठीं यकृतास कोलेस्टेरॉल खर्चावें लागतें. आतड्यांतील कांहीं जंतु तर कोलेस्टेरॉलचें रूपांतर शरीरांत फारशा न शोषल्या जाणाऱ्या पदार्थांत करतात. २०२० सालच्या एका संशोधनांत, ज्यांच्या आतड्यांत असे जंतु आहेत त्यांच्या रक्तांत कोलेस्टेरॉलचें प्रमाण कमी आढळलें.

आश्रितांना उपाशी ठेवलें तर काय होतें? २०१६ सालीं उंदरांवरील प्रयोगांत असें दिसलें कीं, आहारांतून चोथा काढून टाकला म्हणजे हे जंतु आतड्याच्या आंतील बाजूस असलेला बुळबुळीत रक्षक थरच खाऊं लागतात, व तो पातळ होतो. घरच्यांनीं पान वाढलें नाहीं म्हणून उपाशी आश्रितानें घराचीच भिंत पोखरावी, त्यांतला हा प्रकार!

माणसांविषयींचा पुरावाहि भरपूर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यावरून केलेल्या व २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणांत १८५ दीर्घकालीन निरीक्षणें व ५८ प्रयोग एकत्र तपासण्यांत आले. सर्वांत अधिक चोथा खाणाऱ्यांत, सर्वांत कमी खाणाऱ्यांच्या मानानें, एकंदर मृत्यु व हृदयविकारानें होणारे मृत्यु १५ ते ३० टक्क्यांनीं कमी आढळले. दररोज २५ ते २९ ग्रॅम चोथा पोटांत गेल्यास बराच लाभ दिसतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. संघटनेनें २०२३ सालीं मोठ्या माणसांसाठीं दररोज किमान २५ ग्रॅम चोथा, व किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळें, असें प्रमाण सांगितलें आहे.

आपलें पान तपासून पाहूं

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ सालच्या कोष्टकांप्रमाणें १०० ग्रॅम ज्वारींत सुमारें १० ग्रॅम, आणि बाजरी, नाचणी व कणीक यांत सुमारें ११ ग्रॅम चोथा असतो. उलट सडलेल्या पांढऱ्या तांदुळांत व मैद्यांत तो ३ ग्रॅमहूनहि कमी. अख्ख्या हरभऱ्यांत तोच २५ ग्रॅमपर्यंत जातो. या आंकड्यांवरून आपल्या घरांतील जेवण तपासावें. सकाळीं चहाबरोबर खारी किंवा बिस्किटें, दुपारीं भाताचा डोंगर व वर पातळ वरण, संध्याकाळीं शेव-चिवडा, रात्रीं पुन्हां भात, असा दिवस गेला, तर घरांत मांसाचा कण नसूनहि आश्रितांना उपासच घडतो.

आपल्या पानांत डावी बाजू असते. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचें तेथें वाढतात. सणाच्या दिवशीं तेथें शास्त्रापुरती चमचाभर कोशिंबीर पडते, आणि उजवीकडे भजीं, पुरणपोळी, जिलबी यांची रीघ लागते. आमचें म्हणणें एवढेंच कीं, डाव्या बाजूचा मान वाढवावा. काकडी, गाजर, मुळा, कोबी यांची कोशिंबीर वाटीभर असावी. मटकी, मूग, चवळी यांची उसळ सणावारीं नव्हे, रोज असावी. आळूचें फदफदें, मेथी, माठ, शेपू हीं गरिबांचीं म्हणून मागें सारूं नयेत. आठवड्यांतून कांहीं दिवस भाताऐवजीं ज्वारी-बाजरीची भाकरी, आणि भाजणीच्या थालीपिठास पुन्हां मानाचें स्थान, एवढ्यानें पानाचें स्वरूप पालटतें. कणीक चाळून कोंडा टाकूं नये.

उपासाचाहि विचार करावा. साबूदाण्यांत चोथा जवळ जवळ नसतोच; त्याची तुपांत परतलेली खिचडी खाऊन आश्रितांना खरोखरीचा निर्जळी उपास घडतो! राजगिरा, रताळें, फळें हीं उपासास चालणारींच आहेत.

लोणचें-पापडाविषयींहि दोन शब्द. २०१७ सालच्या एका संशोधनांत उंदरांना खारट आहार दिला असतां दह्याच्या जातीचे जंतु त्यांच्या आतड्यांतून घटले व रक्तदाब वाढला. थोड्या माणसांवरील प्राथमिक प्रयोगांतहि तसेंच चिन्ह दिसलें. मीठ दिवसाकांठीं एक चहाचा चमचा, म्हणजे ५ ग्रॅमच्या आंत ठेवावें. त्यांत लोणचें, पापड, फरसाण यांतील मीठहि आलें.

ताक, बाटल्या आणि जंतुनाशकें

भावोजींचें ताक चालूं ठेवण्यास हरकत नाहीं. मात्र तें साय काढलेल्या दह्याचें असावें व त्यांत मीठ घालूं नये. ताकांतील जंतु हे वाटसरू आहेत. ते कांहीं काळ राहून निघून जातात. कायमच्या वस्तीस पोसतो तो चोथा. बाजारांत मिळणाऱ्या जंतूंच्या महागड्या कुप्या व पुड्या घेतल्यानें हृदयविकाराचा झटका टळतो, असा पुरावा नाहीं. त्या पैशांत महिन्याचा भाजीपाला येईल.

मग उपद्रवी जंतूंना औषधांनीं मारून कां टाकूं नये? वर पाहिलेंच कीं, औषध थांबतांच ते परत येतात. आणि त्यांच्याबरोबर उपकारी जंतूंचाहि संहार होतो. धमन्यांत शिरणाऱ्या एका निराळ्या जंतूवर संशय घेऊन सुमारें ४,००० हृदयरुग्णांना वर्षभर दर आठवड्यास जंतुनाशक देण्याचा प्रयोग अमेरिकेंत झाला होता; २००५ सालीं निकाल लागला, तो लाभ शून्य. म्हणून सर्दीपडशासाठीं घरांतील उरलेल्या जंतुनाशक गोळ्या काढून घेण्याची संवय सोडावी. डॉक्टरांनीं दिलेल्या मात्र पुऱ्या घ्याव्या.

एकत्र कुटुंबाची सोय व गैरसोय

पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रांतील संशोधकांनीं २०१२ सालीं एक लहानसा पण आपणांस जवळचा वाटेल असा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच छपराखालीं राहणाऱ्या दोन एकत्र कुटुंबांतील तीन तीन पिढ्यांच्या व्यक्तींचे आतड्यांतील जंतु त्यांनीं ताडून पाहिले. घर एक, चूल एक. तरी वयाप्रमाणें जंतूंच्या प्रमुख गटांचें प्रमाण निरनिराळें आढळलें. नमुना लहान असल्यामुळें त्यावरून मोठे सिद्धांत काढूं नयेत. परंतु एकाच पातेल्यांतील अन्न आजोबा व नातू यांच्या पोटीं सारखें वागेलच असें नाहीं, एवढा बोध घ्यावा.

एकत्र कुटुंबाची सोय अशी कीं, स्वयंपाकघरांतील एका निर्णयानें अकरा माणसांचें पान सुधारतें. गैरसोय अशी कीं, दुखणाइतासाठीं निराळें पथ्याचें पान वाढलें, म्हणजे तो स्वतःस शिक्षा झाली असें मानतो व चोरून फरसाण खातो. म्हणून भावोजींसाठीं वेगळें रांधूं नये. सर्वांचेंच रांधणें बदलावें. त्यांत घरच्या स्त्रियांचेंहि कल्याण आहे. सर्वांना वाढून झाल्यावर उरलेला भात व तळाची आमटी यांवर जेवण उरकणाऱ्या गृहिणीच्या वांट्यास उसळ व कोशिंबीर क्वचितच राहते. हृदयविकार हा पुरुषांचाच रोग नव्हे. पत्र लिहिणाऱ्या भगिनींनीं व जाऊबाईंनीं आपलें पानहि वेळेवर वाढून घ्यावें.

कांहीं सावधगिरीच्या सूचना आहेत. चोथा एकदम वाढवूं नये. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावा व पाणी पुरेसें प्यावें, नाहीं तर पोट फुगतें आणि मनुष्य कंटाळून सर्वच सोडून देतो. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनीं फळें, पालेभाज्या व कडधान्यें यांचें प्रमाण डॉक्टरांस विचारून ठरवावें. हृदयाची झडप बदललेली असून वॉरफरिनसारखें औषध चालूं असेल, तर पालेभाज्या एकाएकीं वाढवूं किंवा कमी करूं नयेत. त्यानें औषधाचा परिणाम बदलतो.

आणि शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. पोटाचा व हृदयाचा संबंध आपल्या घरांत एका घातक रीतीनें जोडला जातो. छातींत दडपण आलें, घाम फुटला, डावा हात किंवा जबडा भरून आला, कीं आपण 'वायु धरला' म्हणून ओंवा चघळतों, सोडा पितों, आणि मोलाचा तास घालवितों. असें दुखणें कांहीं मिनिटांत शमलें नाहीं, तर घरगुती उपाय करीत बसूं नये. तडक रुग्णालय गांठावें. शेवटीं तो नुसता वायु निघाला, तर घरीं परत येऊन हंसतां येईल.

भावोजींस आमचें सांगणें थोडक्यांत असें : आपण वाचलेंत त्यांत तथ्य आहे, आणि त्याचा मान राखण्याची रीत गोळ्या टाकणें ही नव्हे. सकाळीं गोळ्या घ्याव्या, अर्धा पाऊण तास चालावें, आणि दुपारीं पानावर बसल्यावर डाव्या बाजूस वाटीभर कोशिंबीर मागून घ्यावी. पूर्वीं गृहस्थ जेवण्यापूर्वीं गाय, कावळा, अतिथि यांचा घास बाजूला काढून मगच जेवावयास बसत. आणखी एक घास त्या पोटांतल्या आश्रितांसाठीं ठेवावा. पुढील तपासणीचा निकाल भगिनींनीं आम्हांस अवश्य कळवावा.